नणंदेच्या रंगाची डबी

आमच्या सासरच्या घरात दोनच माणसं गोरी होती. एक मी आणि दुसरे भिंतीवरच्या फोटोतले आजेसासरे. मी आपली माहेराहून तशीच आले होते. आजेसासरे मात्र गोरे नव्हते. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं ते सांगायचे, म्हातारा तिन्हीसांजेला बांधावर उभा राहिला की नुसता फेटा दिसायचा. फोटोत त्यांचे गाल लाल पेरूच्या गरासारखे होते आणि ओठ विडा खाल्ल्यासारखे. फोटो मुळात काळा-पांढरा. सोनईच्या पेठेत एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या फोटोवाल्यांच्या बायकोने तो हाताने रंगवून दिला होता.

त्या बाईंबद्दल मला लिहायचं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला अजूनही बोलवत नाही. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहायला मात्र बरं वाटतं. त्या बाईंचं काम मी अगदी जवळून पाहिलं आहे, आणि ते पाहिलेल्या बायका आता फार राहिल्या नाहीत.

माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. पेठेत केबल नुकती आली होती आणि साखरपुड्यालाही रंगीत फोटो काढायची पद्धत पडली होती. आमची वस्ती सोनईच्या बाहेर, उसाच्या कडेला. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि माझी नणंद. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. नणंद माझ्यापेक्षा लहान, तरी तिला वन्सं म्हणायचे. ती मला हसायची, पण मला दुसरं काही तोंडातून निघायचं नाही.

नणंद काळी होती. मी सावळी असं लिहिणार होते, पण तिला ते आवडलं नसतं. "सावळं देवाला म्हनायचं. मी आपली काळी हाय," ती म्हणायची. तिच्या अंगाला चिंचोक्यासारखी चकाकी होती. उन्हातून डोक्यावर हंडा घेऊन आली की गळ्याजवळ तो रंग गुऱ्हाळातल्या पाकासारखा दिसायचा, काहील उतरवायच्या वेळी होतो तसा. गडद, पण आत पिवळा उजेड असलेला. मी हे तेव्हा कधी बोलले नाही. गोऱ्या भावजयीने असं काही म्हटलं तर ते टोचून बोलल्यासारखंच वाटलं असतं.

कारण घरी येणारी प्रत्येक बाई आधी माझ्याकडे बघायची, मग तिच्याकडे, आणि मग आत्याबाईंकडे बघून उसासा टाकायची. एकदा शेजारची एक म्हातारी चहा पिता पिता म्हणालीच, "सून दुधातली अन् लेक चहातली."

नणंद चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मग कप कशाला पुढं करताय, काकी? दूधच प्या की नुसतं. बघू तरतरी येती का."

अशी होती ती. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. म्हणून साखरपुड्याला जे झालं त्याने ती गप्प झाली तेव्हा मला भीती वाटली.

मुलगा सुप्याच्या बाजूचा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. एका नात्यातल्या लग्नात नणंद पंगतीत वाढत होती, तिथे त्याने तिला पाहिलं आणि घरी सांगितलं की करीन तर हीच. त्याच्या घरच्यांनीही तिला उन्हात, घामाघूम, वाढताना पाहिलेलं होतं. रंगाचा प्रश्न त्यांच्याकडून कधी निघालाच नाही. तो आमच्याकडूनच निघाला. साखरपुड्याला पुण्याहून आत्याबाईंची बहीण आली. तिने पिशवीतून तोंडाला लावायचा गुलाबी पॅनकेक काढला, ओल्या स्पंजने नणंदेच्या तोंडावर थापला आणि वरून पावडर मारली. "बघ आता कशी उजळली," ती म्हणाली.

उजळली नव्हती. चुलीतल्या राखेसारखी दिसत होती. काळ्यावर गुलाबी बसलं आणि खालून तिचा पिवळेपणा वर आला, त्याचं सगळं मिळून करडं झालं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर बाईंनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ही आमची वन्सं नाही. नवऱ्यामुलाची आत्या, एक जाडजूड प्रेमळ बाई, तिची ओटी भरता भरता थांबली. तिने नणंदेच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला. "पोरी, बरं न्हाई का गं तुला?"

एवढंच. पण तिसऱ्या दिवशी ज्याने स्थळ जमवलं होतं तो गृहस्थ सायकलवरून आला आणि ओटीवर बसून चाचरत म्हणाला की तिकडची मंडळी विचारतायत, मुलीला काही दुखणं-बिखणं आहे का, रक्त-बिक्त कमी आहे का. त्यांना काळजी वाटते आहे. सासऱ्यांनी नणंदेला बोलावून त्याला दाखवलं. ती गोठ्यातून शेणाच्या हातांनी आली, तुकतुकीत, चांगली धडधाकट. तो गृहस्थ ओशाळून निघून गेला. पण त्या रात्री ती जेवली नाही.

"काळी हाय म्हनून कुणी नको म्हनलं असतं तर मी हसले असते," ती मला म्हणाली. "आजारी म्हनले, वहिनी. मला. लग्नाला तोंडाला कुणी बोट लावायचं न्हाई. मी आपली तोंड धुऊन मांडवात बसनार."

आत्याबाईंनी हे ऐकलं आणि त्या ओट्यावर रडत बसल्या. त्यांचं म्हणणं, सगळ्या भावकीसमोर, वऱ्हाडासमोर पोरीला उघड्या तोंडाने कसं बसवायचं? नवरी म्हणजे नवरी दिसायला नको? मायलेकी दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. लग्न तोंडावर आलं होतं आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

साखरपुड्याचे फोटो आणायला मी आणि आत्याबाई पेठेत गेलो. रोल धुवायला नगरला जायचा, चार-आठ दिवस लागायचे. स्टुडिओच्या बाहेर नवीन पाटी लागली होती, लेडीज ब्यूटी पार्लर, रस्ता मागच्या बाजूने. रंगीत फोटो आल्यावर हाताने फोटो रंगवायचं काम बंदच पडलं होतं, म्हणून बाईंनी पार्लरचा कोर्स करून मागच्या खोलीत आरसा लावला होता. त्या दिवशी काउंटरवर त्याच होत्या. चाळिशीच्या, उंच, मोठ्या आवाजाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आमचे फोटो त्यांनी पाकिटातून काढले, एकावर एक ठेवत गेल्या, आणि मध्येच थांबल्या.

"मावशी, हे तोंड एकीचं आणि हात दुसरीचा," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंना राग आला. "म्हंजी?"

बाईंनी फोटो आमच्याकडे फिरवला. नणंद पेढा घेत होती. तोंड राखेचं. आणि पुढे केलेला हात तिचा स्वतःचा, तेल लावलेल्या लाकडासारखा.

"हा हात किती देखणा आहे बघा," बाई म्हणाल्या. "हा हात ज्या पोरीचा आहे तिचं तोंड मला बघायचंय."

इतकी वर्षं मी जे मनात धरून होते ते या बाई काउंटरवर उभ्या राहून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. मला वाटलं, मी तिथेच त्यांच्या पाया पडावं.

आत्याबाई म्हणाल्या, "मग तुमी करा तिला गोरी."

"गोरी करायची तर आणू नका," बाई म्हणाल्या. "चांगली करायची तर आणा. आणि दिवसाउजेडी आणा. ट्यूबच्या उजेडात मी कुणाचा रंग बघत नाही."

नणंद यायला तयार नव्हती. मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिला म्हणाले, "वन्सं, त्या बाईंनी फोटोत तुमचं तोंड न्हाई बघितलं. हात बघितला. देखना म्हनल्या." तिने आपला हात पुढे धरला, उलटा-सुलटा केला, त्याला पीठ लागलं होतं. मग म्हणाली, "बरं. बघू तरी कोन हाय ती."

अशा आम्ही तिघी गेलो. मागची खोली लहान होती. एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि खिडकीशी एक जाड काच. त्या काचेवर त्या पूर्वी फोटोचे रंग कालवायच्या. काचेच्या कडांना अजून जुने डाग होते. आत्याबाई दबून बसल्या. बाईंनी नणंदेला खुर्चीत बसवलंच नाही. मागच्या दारात उभं केलं, जिथे ऊन नव्हतं पण उजेड होता. तिच्या अंगावर हिरवं पातळ होतं. बाईंनी पांढरा पंचा घेऊन तिच्या गळ्याभोवती गुंडाळला, पातळ झाकून टाकलं.

"हिरवा रंग हनुवटीखाली चढतो," त्या म्हणाल्या. "माणूस लबाड नसतं, त्याचं लुगडं लबाड असतं."

मग त्यांनी काय केलं ते मी नीट सांगते. त्यांच्याकडे नाटकवाल्यांच्या रंगाच्या कांड्या होत्या, पुण्याहून आणलेल्या. दुकानात मिळणाऱ्या बाटल्या सगळ्या गोऱ्या आणि गुलाबी, आमच्याकडच्या बायकांसाठी त्यात काही नसायचंच. बाईंनी तीन तपकिरी वेगवेगळे कालवले. काडीला कापूस गुंडाळून, फोटो रंगवायच्या तशा, तीन ठिपके नणंदेच्या जबड्याच्या हाडावर ठेवले. एक गुलाबीकडे जाणारा, एक विटेसारखा, एक पिवळा. आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"काय बघायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कोणता ठिपका हरवतो ते."

आम्ही बघत राहिलो. गुलाबी ठिपका माशी बसल्यासारखा दिसत होता. विटेचाही दिसत होता, जरा कमी. पिवळा कुठे ठेवला होता ते मला सापडेना. तो तिच्या अंगात जिरून गेला होता.

"हा तुझा," बाई म्हणाल्या. "माणसाला दोन रंग असतात, नवरीबाई. एक वरचा, सगळ्यांना दिसतो. एक त्याच्या खालचा. दोन बायका सारख्याच काळ्या असतील, एक खालून गुळासारखी, दुसरी विटेसारखी. एकीची डबी दुसरीला लावली की झाली राख. तू गुळाची आहेस."

नणंदेने आरशात पाहिलं. "गुळाची ढेप म्हना की सरळ," ती म्हणाली. साखरपुड्यानंतर तिचा तो पहिला विनोद. बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की पुढच्या खोलीतून त्यांच्या मालकांनी डोकावून पाहिलं.

मग त्यांनी मला बोलावलं. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी हात धरून दारात नेलं. "या वहिनी गोऱ्या, पण यांनाही गुलाबी चालायचं नाही. खालून हिरवट आहेत, कच्च्या आंब्यासारख्या. लग्नात यांनाही गुलाबी थापलं असणार. फोटोत आजारी दिसल्या असणार." दिसले होतेच. माझ्या लग्नाचा फोटो मी ट्रंकेत तळाशी ठेवला होता, आणि इतके दिवस मला वाटत होतं की माझा चेहराच तसा आहे.

शेवटी त्या आत्याबाईंकडे वळल्या. आत्याबाई निमगोऱ्या होत्या आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. "मी म्हातारी, माझं काय बघताय," म्हणत त्या उठल्या मात्र. बाईंनी मगाचच्याच पिवळ्यात पांढरं घालून तो फिका केला आणि आत्याबाईंच्या जबड्यावर ठिपका ठेवला. ठिपका हरवला. बाईंनी नणंदेला त्यांच्या शेजारी उभं केलं, दोघींचे गाल जवळ आणले.

"बघा मावशी. वरून लेक बापावर गेली. खालून तुमचीच आहे. तोच रंग, तुमच्यात दूध जास्त पडलं एवढंच."

आत्याबाई आरशात बघतच राहिल्या. या लेकीच्या जन्मापासून त्यांना लोक विचारत आले होते, ही कुणावर गेली गं? आणि त्या दरवेळी म्हणायच्या, माझं काही घेतलं न्हाई कार्टीनं. त्यांनी पदराने लेकीच्या जबड्यावरचे उरलेले दोन ठिपके पुसले. तिसरा त्यांना दिसलाच नाही.

बाईंनी तो रंग एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला. जाताना नणंदेने विचारलं, "बाई, आमच्या आज्याला एवढा गोरा कसा केला तुमी?"

"तुझे वडील बसले होते ना समोर. मी विचारलं, रंग कसा होता? म्हणाले गोरा. सगळेच म्हणतात. माझ्या हाताने या पेठेतली सगळी मेलेली माणसं गोरी झाली." मग म्हणाल्या, "जिवंत माणसाची संधी मला आता मिळतेय."

लग्न आमच्या दारात होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड आलं. नवरदेवाला हळद लागली आणि त्याची उष्टी हळद वाटीतून नवरीला आली. आमच्याकडे हळद घरची असते, जात्यावर दळलेली, तेलात कालवलेली, आणि ती लावायला सगळी भावकी तुटून पडते. मावळणी, चुलत्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांनी नणंदेला न्हाऊ घातल्यासारखी हळद लावली. ती हसत होती, शिंकत होती, "डोळ्यात घालू नका गं बायांनो" म्हणून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर बाई आल्या. आतल्या खोलीत तिला बसवलं, डबी उघडली, एक ठिपका जबड्यावर ठेवला. मी जवळच आरसा धरून उभी होते.

ठिपका दिसत होता.

जांभळट, मळकट, जुन्या जखमेसारखा. बाईंनी चष्मा लावला, काढला. दुसरा ठिपका ठेवला. तोही दिसत होता. आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. ज्या तोंडाचा रंग आम्ही जुळवला होता ते तोंड कालच्या हळदीखाली गेलं होतं. गाल पिवळेजर्द, डोळ्यांभोवती हळद लागली नव्हती तिथे काळं, कपाळावर पट्टे. हातही कोपरापर्यंत पिवळे.

"फोटोला कुणी हळद लावत नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "माझ्या ध्यानातच आलं नाही." पार्लर सुरू केल्यावर हळद लागलेली त्यांची ही पहिलीच नवरी होती. मी त्यांचा चेहरा पाहिला. घाबरल्या होत्या त्या. एवढी मोठ्या आवाजाची बाई, पण डबीचं झाकण नुसतं लावत-उघडत होती.

एक चुलती म्हणाली, "लिंबू लावून घासा."

"लगीन लागायच्या आधी हळद काढतात व्हय?" आत्याबाई ओरडल्या. ते शक्यच नव्हतं. पुण्याची मावशी आपली गुलाबी डबी घेऊन दारात उभीच होती. "वेळ न्हाई आता, द्या इकडं," ती म्हणाली.

नणंदेने आरसा माझ्या हातातून घेतला. स्वतःकडे पाहिलं. "तोंड धुऊन बसनार म्हनले होते," ती हळूच म्हणाली, "पन ही तर काविळीची दिसती. आता खरंच आजारी म्हनतील." डोळ्यात पाणी नव्हतं. त्याच्यापेक्षा वाईट होतं. आवाजात काही नव्हतं. बाहेर नवऱ्यामुलाची ती आत्या मांडवात येऊन बसली होती, तिचं हसणं आत ऐकू येत होतं.

आत्याबाईंनी बहिणीकडे पाहिलं, मग बाईंकडे. मला वाटलं, आता त्या गुलाबी डबी घेणार. त्या बाईंना म्हणाल्या, "तुमीच म्हनला हुता माझा रंग हाय. मग शोधा तो. हितंच हाय कुठंतरी."

बाईंनी पदर खोचला. "मागं कुठं उजेड आहे?"

आम्ही नणंदेला गोठ्याच्या मागे नेलं, पाण्याच्या हौदाजवळ. तिथे कडुलिंबाची सावली होती, पण पानांतून गाळून येणारा हिरवा उजेड नको म्हणून बाईंनी तिला सावलीच्या कडेला, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. शालूवर पांढरा पंचा गुंडाळला. हौदाच्या कट्ट्यावर आपली ती काच ठेवली.

"वहिनी, कालची उष्टी हळद उरलीय का? तीच पाहिजे. दुसरी नको."

वाटी देव्हाऱ्यापाशी होती, आणि देव्हारा पुढच्या खोलीत, जिथे सगळं वऱ्हाड बसलेलं होतं. पुरुषसुद्धा. एरवी मी मेले तरी त्या खोलीतून गेले नसते. मी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ गेले. कुणीतरी विचारलं, "काय हवंय सूनबाई?" मी म्हणाले, "हळद." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

बाईंनी ती हळद काचेवर घेतली. वाटीतल्या हळदीचं तेल वर आलं होतं, ते कापसाने टिपून घेतलं. मग डबीतल्या रंगात टोकाएवढी हळद, आणि पुन्हा टोकाएवढी. पिवळा फार चढला तेव्हा विटेच्या कांडीचा एक फेर. ठिपका, पाहणं, पुसणं. पुन्हा ठिपका. आत्याबाई पंख्याने लेकीला वारा घालत होत्या, म्हणजे घाम यायला नको. लग्नाची घाई करणारे आवाज येत होते. बाईंनी एकदाही मान वर केली नाही. त्यांचं ते बघणं मला अजून दिसतं. सोनार तराजूचा काटा थांबायची वाट बघतो तसं.

आणि मग एक ठिपका हरवला.

"कुठं ठेवला?" आत्याबाई वाकून म्हणाल्या.

"इथं." बाईंनी बोट ठेवलं. तिथे नुसती आमची नणंद होती.

त्यानंतर त्यांनी फक्त जिथे हळद जास्त बसली होती तिथे आणि जिथे अजिबात नव्हती तिथे तो रंग बोटाने टेकवत नेला. सगळीकडे थापला नाही. कानामागे, मानेवर, कोपरापर्यंत हातांवर सुद्धा. "तोंड, मान आणि हात एकाच बाईचे दिसले पाहिजेत," त्या म्हणाल्या. ओठांना विटेचा रंग लावला, कपाळावर मोठं कुंकू. संपलं तेव्हा ती गोरी दिसत नव्हती, अजिबात. काळीच होती. पण तो काहिलीतला पिवळा उजेड, जो मला उन्हातून आल्यावर तिच्या गळ्याशी दिसायचा, तो आता सगळ्या चेहऱ्यावर होता. मी इतकी वर्षं एकटीनेच पाहिलेलं बाईंनी सगळ्यांना दिसेल असं वर आणून ठेवलं होतं.

नणंदेने आरशात बराच वेळ पाहिलं. "वहिनी," ती म्हणाली, "ही मीच हाय ना?"

"तुमीच, वन्सं."

अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा नवऱ्यामुलाचं तोंडही तेच, त्याच वाटीतल्या हळदीचं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हार घालायचं भान राहिलं नाही, मागून कुणीतरी ढोसलं. ती जाडजूड आत्या पुढच्या रांगेत होती. तिने नणंदेच्या हनुवटीला हात लावला, बोटं मोडली आणि आमच्या आत्याबाईंना म्हणाली, "विहीनबाई, खरं सांगा. साखरपुड्याला कुनाला बसवली हुती?"

"मावशीची पोर हुती ती," आत्याबाई म्हणाल्या. "खरी घरात जपून ठिवली हुती."

मांडवात हशा पिकला. पुण्याच्या मावशीलासुद्धा हसावं लागलं.

फोटो नगरहून यायच्या आधी बाईंच्या मालकांनी निरोप पाठवला. मोठा करून फ्रेम करायचा तो फोटो छापताना उजळ करून मागवू का, सगळेच मागतात. आत्याबाई मला घेऊन पेठेत गेल्या. काउंटरवर बाई होत्या. त्यांनी काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं, "मावशी, रंग कसा लिहू?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी त्यांच्याकडे बघत होते. मला आजेसासऱ्यांचे पेरूसारखे गाल आठवत होते.

"काळी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय. हाय तशी येऊ द्या."

बाईंनी पाकिटावर काहीतरी लिहिलं. मग चष्मा काढला, पदराने पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या.

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे, आजेसासऱ्यांच्या शेजारी. त्यांचे गाल आता फिके पडले आहेत, गुलाबी निघून जाऊन खालचा करडा फोटो दिसायला लागला आहे. नणंद सुप्याहून आली की दोघांकडे बघते आणि म्हणते, "बघ वहिनी, म्हातारा बी यायला लागला आपल्या रंगावर."